ऐकलेल्या आणि न ऐकलेल्या गोष्टी
(अमेरिकेच्या इतिहासातील तीन प्रसंग)



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी सातवीतल्या प्रत्येकाला चिठ्ठ्या टाकून एकेक देश वाटून दिला. कुणाला जपान आला, कुणाला इजिप्त. माझ्या चिठ्ठीत अमेरिका निघाली. मी जरा हिरमुसलेच. उंच उंच इमारती आणि चंद्रावर उतरलेला माणूस, एवढीच अमेरिका मला ठाऊक होती आणि ती तर सगळ्यांनाच ठाऊक असते. त्यात नवीन काय लिहायचे? मी गुरुजींना तसे विचारले. गुरुजी म्हणाले, "मोठ्या गोष्टी राहू देत. तू लहान गोष्टी शोध. इतिहास काही फक्त राजांचा आणि लढायांचा नसतो."

मग मी शाळेची ग्रंथपेटी उपसली. गुरुजींनीही काही माहिती मिळवून दिली. त्यातून मला तीन प्रसंग सापडले. पहिले दोन वाचताना हसू येते. तिसराही पहिल्यांदा हसण्यासारखाच वाटतो, पण तो हसण्यासारखा नाही. तिन्ही प्रसंगांत मला एकच धागा दिसला. तो कोणता, ते शेवटी सांगते.

आधी थोडी माहिती. ४ जुलै १७७६ रोजी १३ वसाहतींनी आम्ही इंग्लंडच्या राजापासून स्वतंत्र आहोत असे जाहीर केले आणि त्यातून अमेरिकेची संयुक्त संस्थाने हा देश झाला. आज त्यात ५० राज्ये आहेत. तिथे राजा नसतो. दर चार वर्षांनी निवडणूक होते व राष्ट्राध्यक्ष निवडला जातो.

१. अकरा वर्षांच्या मुलीचा सल्ला

सन १८६०. अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा होता. आपण चित्रात पाहतो तो लिंकन दाढीवाला आहे. पण तेव्हा त्याला दाढी नव्हती. गाल बसलेले, हाडे वर आलेली, असा तो उंच आणि किडकिडीत माणूस होता.

न्यूयॉर्क राज्यात वेस्टफील्ड नावाचे लहान गाव आहे. तिथे ग्रेस बेडेल नावाची ११ वर्षांची मुलगी राहत होती. तिच्या वडिलांनी जत्रेतून लिंकनचे चित्र घरी आणले. ते पाहून ग्रेसच्या मनात आले की या माणसाला दाढी शोभून दिसेल. आपल्या मनात असे काही आले तर आपण शेजारणीला सांगू आणि विसरून जाऊ. ग्रेसने काय केले? १५ ऑक्टोबर १८६० रोजी तिने थेट लिंकनलाच पत्र लिहिले. निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती.

पत्राचा मतलब असा होता: मी अकरा वर्षांची आहे. मला चार भाऊ आहेत. त्यांतले काही तुम्हाला मत देणारच आहेत. तुम्ही दाढी वाढवलीत तर बाकीच्यांचे मन मी वळवून पाहीन. तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढीने तो चांगला दिसेल. बायकांना दाढी आवडते. त्या आपापल्या नवऱ्यांच्या मागे लागतील आणि तुम्हाला मत द्यायला लावतील. तुम्हाला माझ्याएवढी मुलगी असेल तर तिला माझे प्रेम सांगा.

मला वाटले होते की एवढ्या धामधुमीत असले पत्र कोण वाचणार? पण चारच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, लिंकनने स्वतः उत्तर लिहिले. मला मुलगी नाही याचे वाईट वाटते, तीन मुलगे आहेत, १७, ९ आणि ७ वर्षांचे, असे त्याने कळवले. आजवर कधी दाढी ठेवली नाही, आता एकदम ठेवली तर लोक त्याला वेडेपणा म्हणणार नाहीत का, असेही त्याने तिलाच विचारले. पत्रात त्याने वचन काही दिले नाही.

६ नोव्हेंबरला निवडणूक झाली आणि लिंकन निवडून आला. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तो दाढीमुळे निवडून आला नाही. दाढी वाढू लागली ती निवडणुकीनंतर. म्हणजे मते मिळवायला आता तिचा काही उपयोग नव्हता. तरीही त्याने ती ठेवली.

फेब्रुवारी १८६१ मध्ये तो पदाची शपथ घेण्यासाठी आगगाडीने राजधानी वॉशिंग्टनकडे निघाला. १६ फेब्रुवारीला गाडी वेस्टफील्डला थांबली. लोकांची गर्दी जमली होती. लिंकनने विचारले, मला पत्र लिहिणारी मुलगी इथे आहे का? ग्रेस पुढे आली. लिंकन गाडीतून खाली उतरला, त्याने तिचा पापा घेतला आणि तिच्या सांगण्यावरून वाढवलेली दाढी तिला दाखवली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांमध्ये पूर्ण दाढी असलेला तो पहिलाच. पुढे १ जानेवारी १८६३ रोजी ज्याने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, तो हाच लिंकन. वेस्टफील्डमध्ये आज ग्रेस आणि लिंकन यांचे समोरासमोर उभे पुतळे आहेत.

हा प्रसंग मी आमच्या आजीला वाचून दाखवला. आजी म्हणाली, "पोरीचं ऐकून दाढी ठेवली? लई शाना राजा म्हणायचा!" मी म्हटले, "आजी, राजा नव्हे, राष्ट्राध्यक्ष." मग तिने चित्र हातात घेतले आणि म्हणाली, "आणि मिशी कुठं गेली ह्याची? मिशी काढून दाढी? उलटंच की!" खरेच आहे. लिंकनने दाढी ठेवली, पण मिशी ठेवली नाही. ग्रेस मिशीबद्दल काही बोलली नव्हती म्हणून असेल, असे आम्ही दोघींनी ठरवले. (हे इतिहासात नाही, हे आमचे आहे.)

२. आईचे सात पानी पत्र

ग्रेसच्या पत्रात एक गोष्ट आहे, ती तुमच्या ध्यानात आली का? भाऊ मत देतील, नवरे मत देतील, असे ती लिहिते. ती स्वतः लहान होती हे खरे. पण तिची आईसुद्धा मत देऊ शकत नव्हती! तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत बायकांना मतच नव्हते.

हा हक्क मिळावा म्हणून १८४८ साली सेनेका फॉल्स या गावी स्त्रियांची मोठी सभा भरली. तिथून लढा सुरू झाला. सुसान अँथनी नावाच्या बाईंनी १८७२ साली सरळ जाऊन मत दिले. मत दिल्याबद्दल त्यांना अटक झाली! न्यायाधीशांनी १०० डॉलर दंड ठोठावला. बाई म्हणाल्या, देणार नाही. आणि त्यांनी तो कधीच दिला नाही.

शेवटी १९१९ साली अमेरिकेच्या संसदेने घटनादुरुस्ती मंजूर केली. पण तेवढ्याने भागत नव्हते. त्या वेळी ४८ राज्ये होती. त्यांपैकी तीन-चतुर्थांश राज्यांनी होकार द्यायला हवा होता. गणित करा: ४८ चे तीन-चतुर्थांश म्हणजे ३६. सन १९२० च्या उन्हाळ्यापर्यंत ३५ राज्ये झाली. एक उरले. आता सगळ्यांचे डोळे टेनेसी राज्याकडे लागले.

टेनेसीची राजधानी नॅशव्हिल. ऑगस्ट महिन्यात तिथे नुसता गुलाबांचा बाजार भरला. बायकांना मत द्या म्हणणारे कोटावर पिवळा गुलाब लावत आणि देऊ नका म्हणणारे लाल. त्यामुळे कोण कुठल्या बाजूचा, हे लांबूनच कळे. सभागृहात हॅरी बर्न नावाचा एक सदस्य होता. वय अवघे २४, म्हणजे सगळ्यांत तरुण. त्याच्या कोटावर लाल गुलाब होता.

१८ ऑगस्ट १९२० रोजी विषय निघाला. हा ठराव बाजूला ठेवावा, अशी आधी सूचना आली. मते पडली ४८ विरुद्ध ४८. हॅरी बाजूला ठेवा म्हणणाऱ्यांतच होता. समसमान मते म्हणून ती सूचना पडली आणि मूळ ठरावावर मतदान सुरू झाले. एकेकाचे नाव पुकारले जाऊ लागले. सगळ्यांना वाटले, आता पुन्हा ४८ ला ४८ होणार आणि ठराव पडणार. हॅरीचे नाव आले. लाल गुलाब लावलेला हॅरी म्हणाला, "हो." ठराव ४९ विरुद्ध ४७ मतांनी पास झाला.

सभागृहात एकच गोंधळ उडाला. असे कसे झाले? तर हॅरीच्या खिशात एक पत्र होते. त्याची आई फेब बर्न नायोटा या लहान गावी राहत असे. नवरा वारलेला, घरची शेती तीच बघे आणि वर्तमानपत्र न चुकता वाचे. तिने मुलाला सात पानी पत्र धाडले होते. घरच्या गोष्टी सांगता सांगता तिने मध्येच लिहिले होते की बायकांच्या मताच्या बाजूने मत दे, लोकांना असे टांगून ठेवू नकोस, शहाण्या मुलासारखा वाग. दुसऱ्या दिवशी हॅरीने सभागृहात कारण सांगितले. त्याचा आशय असा, की मुलाने आईचा सल्ला मानावा हेच सर्वांत सुरक्षित आणि माझ्या आईची तशी इच्छा होती.

२६ ऑगस्ट १९२० रोजी घटनादुरुस्ती अमलात आली. ज्या आईला स्वतःला मत नव्हते, तिच्या एका पत्राने छत्तिसावे राज्य मिळाले. पुढच्या निवडणुकीत लोक हॅरीला पाडतील असे पुष्कळांना वाटत होते. पण तो पुन्हा निवडून आला.

पण सगळे गोड गोड सांगून चालणार नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांना, स्त्रियांना आणि पुरुषांना, यानंतरही परीक्षा, कर आणि धाकदपटशा यांच्या जोरावर मतापासून दूर ठेवले गेले. ते बंद करण्यासाठी १९६५ साली वेगळा कायदा करावा लागला. त्यांचे ऐकायला आणखी ४५ वर्षे गेली.

३. मळीचा पूर

आता तिसरा प्रसंग. यासाठी आपण दीड वर्ष मागे, १९१९ च्या जानेवारीत जाऊ. गाव बोस्टन. हे समुद्राकाठचे मोठे शहर आहे.

आपल्याकडे गुऱ्हाळावर काकवी मिळते ती सर्वांनी खाल्ली आहे. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर जो काळसर, चिकट पाक उरतो त्याला मळी म्हणतात. काकवीची ती काळी बहीणच समजा. मळीपासून अल्कोहोल बनते. पहिल्या महायुद्धात दारूगोळा बनवायला अल्कोहोल फार लागत असे. म्हणून एका कंपनीने बोस्टनमध्ये भर वस्तीत मळी साठवायची पोलादी टाकी बांधली. उंची ५० फूट, रुंदी ९० फूट. त्यात सुमारे ८७ लाख लिटर मळी मावे. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर ८७० टँकर!

टाकी १९१५ साली घाईघाईने उभी केली. ज्याच्यावर देखरेखीचे काम होते त्याला बांधकामाचे नकाशे वाचता येत नव्हते. नवी टाकी आधी पाण्याने पूर्ण भरून तपासायची असते. इथे तळाला सहा इंच पाणी घालून पाहिले आणि झाले म्हणाले. शिवाय मळी पाण्यापेक्षा जड. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तर एक लिटर मळीचे जवळजवळ १.४ किलो.

टाकी पहिल्यापासून गळत होती. सांध्यांतून मळीचे ओघळ येत. आजूबाजूची गरीब मुले डबे घेऊन येत आणि ती गळणारी मळी गोळा करून नेत. त्यांना ती मजाच होती. तिथल्या एका कामगाराने वरच्यांना सांगून पाहिले की टाकी गळते आहे, हे बरे नाही. कुणी ऐकले नाही. पण कंपनीने एक गोष्ट मात्र केली. टाकीला तपकिरी रंग दिला. तपकिरी रंगावर तपकिरी ओघळ दिसेनासे झाले.

१५ जानेवारी १९१९. दोन दिवस आधी जहाजातून नवी मळी आणून टाकी जवळजवळ काठोकाठ भरली होती. थंडी एकदम कमी होऊन हवेत ऊब आली होती. दुपारी साडेबारानंतर टाकी फुटली. मळीची सुमारे २५ फूट उंच लाट रस्त्यात घुसली. तिचा वेग ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास होता, असा हिशोब केला जातो. धावून तिच्यापुढे जाणे कुणाला शक्य नव्हते. घरे मोडली, अग्निशामक दलाचे ठाणे पायापासून सरकले, खांबांवरून जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गाचे लोखंडी खांब वाकले. माणसे आणि घोडे चिकटून पडले. सुटायला जावे तर जास्तच रुतत. २१ माणसे मेली आणि सुमारे १५० जखमी झाली. मेलेल्यांत दहा दहा वर्षांची दोन मुले होती. एक मुलगा आणि एक मुलगी. आपल्या पाचवीतल्या मुलांएवढी.

मळी धुऊन काढायला समुद्राचे खारे पाणी मारावे लागले. बंदराचे पाणी कितीतरी दिवस तपकिरी दिसत होते. कंपनी म्हणाली, कुणी तरी दुष्टाने बाँब ठेवला. लोक कोर्टात गेले. कित्येक वर्षे साक्षी-पुरावे चालले. शेवटी १९२५ साली निकाल लागला की बाँब वगैरे काही नव्हते, टाकीच कमजोर होती, दोष कंपनीचा. भरपाई द्यावी लागली. पुढच्या काळात पोलाद तपासून पाहिलेल्या इंजिनिअरांनीही सांगितले की पत्रा हवा होता त्याहून पातळ होता. मोठ्या बांधकामाच्या नकाशांवर जाणत्या इंजिनिअरची सही हवी, असे नियमही त्या राज्यात या पुरानंतर आले.

निकालाला सहा वर्षे लागली. पण टाकी कमजोर आहे हे डबे घेऊन येणाऱ्या मुलांना आधीच दिसत होते. त्यांना ते सांगता आले नाही आणि ज्याने सांगितले त्याचे कुणी ऐकले नाही.

तिन्हींतला धागा

आता तुम्हाला धागा कळला असेल. ग्रेस लहान होती, तिचे लिंकनने ऐकले. फेब बर्नला मत नव्हते, तिचे हॅरीने ऐकले. बोस्टनच्या कामगाराचे कुणीच ऐकले नाही. लिंकनची दाढी वाढली नसती तरी अमेरिकेचे फारसे बिघडले नसते, हे मलाही कळते. पण मला वाटते, जो माणूस दाढीसारखी लहान गोष्ट ऐकून घेतो, त्यालाच मोठी गोष्ट ऐकायची सवय होते.

आणि एक गोष्ट मी प्रामाणिकपणे लिहिते. मळीचा प्रसंग वाचताना मला आपल्या ओढ्यावरचा साकव आठवला. खालच्या आळीची आम्ही सगळी मुले त्यावरून शाळेत येतो. त्याची तिसरी फळी कुजली आहे. पाय दिला की खाली दबते. आम्ही त्याचा खेळच केला आहे. पुढचा ओरडतो, "तिसरी सोड!" आणि मागचे सगळे टुण्णकन उडी मारतात. बोस्टनच्या मुलांनी गळक्या टाकीचा खेळ केला होता ना, तसेच. मी घरी सांगितले तेव्हा "बघू" असे उत्तर मिळाले. मैत्रिणीच्या घरीही "बघू"च मिळाले. मग एक दिवस कुणी तरी त्या फळीवर उसाचे पाचट आणि माती टाकली. आता ती दिसत नाही. सगळ्यांना वाटते, दुरुस्त झाली. पण पाचटाखाली फळी तीच आहे.

आम्ही सातवीची मुले उडी मारू शकतो. पहिलीच्या मुलांचे पाय लहान असतात. आणि पावसाळा जवळ आला आहे.

मी ग्रेससारखे वेगळे पत्र लिहिणार होते, पण कुणाच्या नावाने लिहावे ते कळेना. म्हणून हे इथेच लिहिले. पालकहो, हे पत्र तुम्हालाच आहे असे समजा.

शब्दार्थ

मळी – साखर काढून उरलेला काळा, चिकट पाक.
घटनादुरुस्ती – देशाच्या राज्यघटनेत केलेला बदल.
समसमान – दोन्ही बाजूंना सारखी.
जाहीरनामा – सर्वांना कळावे म्हणून प्रसिद्ध केलेले लेखी निवेदन.

स्वाध्याय

१. ग्रेसने लिंकनला पत्र लिहिले तेव्हा निवडणुकीला किती दिवस उरले होते? मोजून सांगा.
२. ४८ राज्यांऐवजी आज ५० राज्ये आहेत. आता तीन-चतुर्थांशसाठी कमीत कमी किती राज्ये लागतील? (अपूर्णांक आला तर काय कराल?)
३. कंपनीने टाकी दुरुस्त करण्याऐवजी रंग का दिला असेल? चार-पाच ओळी लिहा.
४. आपल्या घरात सर्वांत लहान कोण? त्याने किंवा तिने आज काय सांगितले, ते विचारून लिहून आणा.
५. (फक्त पालकांसाठी) शाळेत येताना साकवावरची तिसरी फळी दिसली का? नसेल तर जाताना पाचट बाजूला सारून पाहा.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी